घटनादुरुस्ती नेमकी होते कशी? कोल्हापूरच्या उदाहरणांसह पायरी-पायरीनं

दसरा चौकात कुठलंही आंदोलन असू दे, आरक्षणाचं, खंडपीठाचं नाहीतर सीमाप्रश्नाचं, भाषण रंगात आलं की एक वाक्य हमखास कानावर पडतंय, "सरकारनं मनावर घेतलं तर घटनादुरुस्ती काय, एका दिवसात होईल." टाळ्या पडतात आणि विषय तिथंच संपतो. मग चहाच्या गाड्यावर एकजण म्हणतो बहुमत असलं की काहीही बदलता येतंय, दुसरा म्हणतो घटनेला हातच लावता येत नाही. दोन्ही चूक. २०२३ अखेरपर्यंत आपल्या घटनेत १०६ दुरुस्त्या झाल्यात, त्यातल्या काही आठवड्याच्या आत उरकल्या आणि काही दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन, राष्ट्रपतींची सही होऊन, वर्षानुवर्षं चालून शेवटी कोर्टात पडल्या. आणि पडलेल्यांपैकी एक थेट आपल्या सहकारी संस्थांबद्दलची होती, साखर कारखाना, दूध संस्था, पतसंस्था, सगळ्यांना लागू असलेली. ती पडली ती मतं कमी होती म्हणून नाही, चुकीच्या रस्त्यानं नेली म्हणून. त्यामुळं माझं म्हणणं सरळ आहे, घटनादुरुस्तीची बातमी आली की मतांचा आकडा नंतर बघा, आधी रस्ता बघा. तो कसा बघायचा ते क्रमानं सांगतो.

पायरी १ : मुळात घटनादुरुस्ती लागते का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारायचा राहून जातो. आपल्या सर्किट बेंचचंच घ्या. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी कित्येक दशकं लढा दिला, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाण सोडून दुसरीकडं बसणारं न्यायालय, कोल्हापुरात चालू झालं. या सगळ्या काळात "केंद्रानं घटना बदलली पाहिजे" असं म्हणणारे भरपूर भेटले. प्रत्यक्षात घटनेतला एक शब्दसुद्धा बदलावा लागला नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ मध्ये सोय आहे, मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या मान्यतेनं उच्च न्यायालयाचं कामकाज दुसऱ्या ठिकाणी बसवायचं, बस्स. कायमस्वरूपी खंडपीठ हवं असलं तरी त्याच कलमात राष्ट्रपतींच्या आदेशाचा मार्ग आहे. म्हणजे मागणी दिल्लीत संसदेकडं न्यायची का मुंबईत न्यायची हेच आधी कळायला पाहिजे होतं, आणि ज्या वकिलांना ते कळलं होतं त्यांनीच शेवटपर्यंत योग्य दरवाजा ठोठावला.

सीमाप्रश्न त्याच्यापेक्षा वेगळा. बेळगाव, निपाणी, कारवार हा आपल्या घराघरातला विषय, पै-पाहुणे त्या बाजूला आहेत. राज्याची हद्द बदलायची, नवं राज्य करायचं, नाव बदलायचं हे घटनेच्या कलम ३ खाली संसद साध्या कायद्यानं करू शकते. विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीनं मांडायचं, त्याआधी संबंधित राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवायचं, पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही. साधं बहुमत पुरतं. १ मे १९६० ला आपलं महाराष्ट्र राज्य झालं ते याच रस्त्यानं, २०१४ ला तेलंगण झालं तेही याच रस्त्यानं, आणि तिथं आंध्रच्या विधानसभेनं विरोध केला होता तरी झालं. कलम ४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की असा कायदा म्हणजे कलम ३६८ (घटनादुरुस्तीची प्रक्रिया सांगणारं कलम) खालची घटनादुरुस्ती समजायची नाही. आता महाराष्ट्रानं २००४ ला कलम १३१ (केंद्र-राज्य किंवा राज्या-राज्यांतले वाद) खाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावलाय तो वेगळा भाग, पण संसदेच्या बाजूनं बघितलं तर अडचण घटनादुरुस्तीची नाही, राजकीय तयारीची आहे. मात्र देशाचा तुकडा दुसऱ्या देशाला द्यायचा असेल तर साधा कायदा चालत नाही, तिथं पूर्ण घटनादुरुस्ती लागते. बांगलादेशाबरोबर जमिनीची अदलाबदल झाली तेव्हा २०१५ ला १०० वी दुरुस्ती करावी लागली ती त्यामुळंच.

पायरी २ : तीनपैकी रस्ता कुठला?

पहिला रस्ता साध्या बहुमताचा, वर सांगितला तो. राज्यांच्या हद्दी, विधान परिषद करणं किंवा काढून टाकणं (त्यासाठी आधी त्या राज्याच्या विधानसभेचा विशेष बहुमतानं ठराव लागतो), नागरिकत्वाचे नियम वगैरे.

दुसरा रस्ता कलम ३६८ चा, संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत. मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वं आणि घटनेतला बराचसा भाग यात येतो.

तिसरा रस्ता तोच, पण वर आणखी एक अट, किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी. ही अट कुठं लागते ते नीट लक्षात ठेवा. राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र आणि राज्याच्या कार्यकारी अधिकारांची व्याप्ती, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं, केंद्र-राज्यांत कायदे करायच्या अधिकारांची वाटणी, सातव्या अनुसूचीतल्या तिन्ही याद्या (कुठले विषय केंद्राचे, कुठले राज्याचे, कुठले दोघांचे ते सांगणाऱ्या), जीएसटी परिषद, संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व आणि खुद्द कलम ३६८. थोडक्यात जिथं राज्यांच्या हक्काला हात लागतोय तिथं राज्यांना विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आपला देश संघराज्य आहे हे पुस्तकात वाचतो आपण, पण त्याचा खरा जीव या यादीत आहे असं मला वाटतं.

पायरी ३ : विधेयक कोण आणतंय आणि त्यात काय लिहिलंय

घटनादुरुस्तीचं विधेयक लोकसभेत किंवा राज्यसभेत, कुठंही मांडता येतंय. राष्ट्रपतींची आधी परवानगी लागत नाही. मंत्री मांडू शकतात, साधा खासदारसुद्धा मांडू शकतो. पण विधिमंडळ मांडू शकत नाही. आपल्या विधानसभेनं एकमतानं ठराव केला, "केंद्रानं घटनादुरुस्ती करावी", तर ती विनंती आहे, कलम ३६८ मधली पायरी नाही. ग्रामसभेच्या ठरावाचं पण तसंच, गावाचं म्हणणं कळतं, दबाव तयार होतो, ते महत्त्वाचंच आहे, पण कायदेशीर प्रक्रिया त्यानं चालू होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, विधेयक स्वतः वाचायचं. लोकसभा आणि राज्यसभेच्या वेबसाइटवर मूळ मजकूर मिळतो. मी वाचताना असं करतो, शेवटी जोडलेलं उद्देश आणि कारणांचं निवेदन आधी वाचतो म्हणजे सरकारला काय करायचंय ते कळतं, मग जुनं कलम एका बाजूला आणि नवं कलम दुसऱ्या बाजूला घेऊन ओळ-ओळ ताडून बघतो, कारण निवेदनात म्हटलंय एक आणि कलमाच्या शब्दांतून निघतंय दुसरं असं होऊ शकतं.

हे किती महागात पडतंय ते मराठा आरक्षणात आपण बघितलं. २०१८ ला १०२ वी दुरुस्ती झाली, कलम ३४२अ आलं, त्यात सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांची यादी राष्ट्रपती जाहीर करतील आणि बदल संसद करेल अशी शब्दरचना होती. संसदेत सांगण्यात आलं की राज्यांचे अधिकार जात नाहीत. पण ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी सांगितलं की शब्दांचा अर्थ सरळ आहे, मागास वर्ग ठरवायचा राज्यांचा अधिकार गेलाय. ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडल्याचा मुद्दा होताच, मराठा आरक्षणाचा कायदा रद्द झाला. मग ऑगस्ट २०२१ ला घाईनं १०५ वी दुरुस्ती आणून राज्यांचा अधिकार परत द्यावा लागला, लोकसभेत ३८५ विरुद्ध ० आणि राज्यसभेत १८७ विरुद्ध ०, एकही मत विरोधात नाही. तीन वर्षं आधी एका कलमाचं वाक्य नीट लिहिलं असतं तर त्यातला निदान हा एक वांधा झाला नसता. आणि एक समजून घ्या, १०५ व्या दुरुस्तीनं यादी करायचा अधिकार परत आला, ५० टक्क्यांची मर्यादा त्यानं हलली नाही, ती मुळात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातून आलेली आहे. ज्या कोल्हापुरात २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवायचा हुकूम काढला, तिथल्या माणसानं तरी हा फरक डोक्यात पक्का ठेवला पाहिजे.

जाता जाता, विधेयकाचा नंबर आणि दुरुस्तीचा नंबर वेगळा असतो. १०५ वी दुरुस्ती मांडली तेव्हा १२७ वं विधेयक होतं. बातम्या शोधताना यात लई गोंधळ होतो, दोन्ही नंबर टाकून शोधा.

पायरी ४ : मतांचा हिशोब

विशेष बहुमत म्हणजे एक अट नाही, दोन अटी एकाच वेळी. सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं बाजूनं पाहिजेत, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश बाजूनं पाहिजेत. लोकसभेच्या जागा ५४३, म्हणजे पहिली अट २७२ ची, जागा रिकाम्या असल्या तरी २७२ च. समजा ४५० जणांनी मतदान केलं, तर दोन तृतीयांश म्हणजे ३०० लागतील. समजा ३९० जणांनीच केलं, तर दोन तृतीयांश २६० होतात पण २६० वर काम होत नाही, २७२ गाठायलाच लागतात. राज्यसभेत २४५ जागा, तिथं किमान १२३. जो सदस्य हजर आहे पण मतदान करत नाही तो दुसऱ्या अटीत धरला जात नाही, त्यामुळं एखादा पक्ष विरोधात मत न देता नुसता सभात्याग करतो तेव्हा तो सरकारचं दोन तृतीयांशचं काम सोपं करत असतो. ही गोष्ट टीव्हीवर फारशी कुणी सांगत नाही.

मतदान आवाजी चालत नाही, मतविभागणी करून मोजून घेतात, आणि विधेयक विचारात घेताना, त्यातल्या प्रत्येक खंडाला (कलमाला) आणि शेवटी मंजूर करताना, प्रत्येक वेळी विशेष बहुमत लागतं. फक्त विधेयक मांडायची परवानगी साध्या बहुमतावर मिळते. १७ डिसेंबर २०२४ ला एकत्र निवडणुकांचं १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक मांडताना २६९ विरुद्ध १९८ मतं पडली, तेव्हा व्हॉट्सॲपवर लगेच "दोन तृतीयांश नाही, विधेयक पडलं" असं फिरलं. पडलं नव्हतं. मांडण्यापुरतं तेवढं बहुमत पुरतं होतं आणि विधेयक संयुक्त संसदीय समितीकडं गेलं. खरी परीक्षा मंजुरीच्या वेळी असते.

दोन सभागृहांत एकमत झालं नाही तर? साध्या कायद्याला संयुक्त बैठकीचा मार्ग आहे, घटनादुरुस्तीला नाही. राज्यसभेत पडलं की पडलं. आणि तिथं एक मत काय, मताचा तुकडासुद्धा भारी पडतो. संस्थानिकांचे तनखे, म्हणजे त्यांना सरकारकडून मिळणारी ठराविक रक्कम, बंद करायचं विधेयक सप्टेंबर १९७० मध्ये राज्यसभेत आलं, बाजूनं १४९, विरोधात ७५. एकूण २२४, दोन तृतीयांश म्हणजे १४९ पूर्णांक एक तृतीयांश. त्या एक तृतीयांशासाठी विधेयक पडलं! सरकारनं मग राष्ट्रपतींच्या आदेशानं संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला, १९७१ ला निवडणूक झाली, मोठं बहुमत आलं आणि त्यानंतर २६ व्या दुरुस्तीनं तनखे गेले. १ मार्च १९४९ ला विलीन झालेल्या आपल्या संस्थानाच्या इतिहासातलंही हे एक पान आहे. तसंच पंचायत राजचं, १९८९ ला ६४ वं आणि ६५ वं विधेयक राज्यसभेत पडलं, पुन्हा नव्यानं मांडणी होऊन ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती १९९३ ला लागू झाली. आज ग्रामपंचायतीत आणि महानगरपालिकेत बायकांना हक्कानं जागा मिळतात त्याचा घटनेतला पाया तो आहे. म्हणजे एकदा पडलं म्हणजे कायमचं गेलं असंही नाही.

पायरी ५ : राज्यांकडं जायचं का नाही

इथं मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या जिल्ह्याचा यात थेट संबंध आहे.

सहकार हा सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतला विषय, नोंद ३२. महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्था कायदा त्याच अधिकारात केलेला. २०११ ला संसदेनं ९७ वी दुरुस्ती मंजूर केली, १५ फेब्रुवारी २०१२ पासून लागू झाली. तिच्यात तीन गोष्टी होत्या. सहकारी संस्था काढायचा हक्क कलम १९ मध्ये आला, मार्गदर्शक तत्त्वांत कलम ४३ब आलं, आणि घटनेत भाग ९ब हा अख्खा नवा भाग घातला. त्या भागात संचालक २१ पेक्षा जास्त नकोत, मुदत पाच वर्षं, महिलांना दोन जागा, अनुसूचित जाती-जमातीसाठी एक जागा, निवडणूक वेळेत, ऑडिट वेळेत, वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत. वाचायला सगळं चांगलंच. सभासदाच्या बाजूनं बघितलं तर मला यातल्या बऱ्याच तरतुदी मनापासून पटतात, संचालक मंडळाची मुदत संपून वर्षं लोटली तरी निवडणूक नाही हे आपल्याकडं किती संस्थांत बघितलंय.

पण रस्ता चुकला. राज्य सूचीतल्या विषयावर राज्यानं कसा कायदा करायचा याला घटनेत बेड्या घातल्या आणि राज्यांच्या विधिमंडळांना विचारलंच नाही. सरकारचं म्हणणं होतं की आम्ही यादीतली नोंद बदलली नाही, ती आहे तशीच आहे, मग मंजुरी कशाला? गुजरात उच्च न्यायालयानं २०१३ ला हे अमान्य केलं आणि २० जुलै २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला, नोंद तशीच ठेवून राज्याचा अधिकार आतून आवळला तरी तो बदलच आहे, निम्म्या राज्यांची मंजुरी घ्यायला पाहिजे होती. भाग ९ब राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता गेला. बहुमताच्या निकालानं तो फक्त बहुराज्य (मल्टीस्टेट, एकापेक्षा जास्त राज्यांत काम करणाऱ्या) संस्थांसाठी शिल्लक राहिला, कारण त्या केंद्राच्या अखत्यारीत येतात. कलम १९ मधला हक्क आणि ४३ब मात्र शाबूत.

मग आपल्या कारखान्याच्या निवडणुकीचं काय झालं, असं लगेच विचारलं जातं. महाराष्ट्रानं या दुरुस्तीप्रमाणं आपल्या १९६० च्या कायद्यात बदल करून घेतले होते, सहकारी निवडणूक प्राधिकरण त्यातूनच आलं. ते बदल राज्य विधिमंडळानं स्वतः केलेले, त्यामुळं ते राज्याचा कायदा म्हणून चालतात. फरक एवढाच पण मोठा, आता विधिमंडळाला वाटलं तर ते बदलू शकतं, घटनेचं कुंपण नाही. म्हणून दूध संघ, कारखाना मल्टीस्टेट करायचा विषय निघतो तेव्हा सभासदांनी हा मुद्दा पण विचारात घ्यावा, संस्था बहुराज्य झाली की तिला लागणारा कायदा आणि घटनेचा भाग दोन्ही बदलतात. सीमेला लागून असलेल्या आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न कागदावरचा नाही. संविधान सभेचे सदस्य असलेले देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार यांनीच पुढं पंचगंगा सहकारी साखर कारखाना उभा केला, घटना आणि सहकार ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या हातून गेलेला हा जिल्हा आहे.

असाच प्रकार आधी पक्षांतरबंदीत झाला होता. १९८५ च्या ५२ व्या दुरुस्तीनं दहावी अनुसूची आली, तिच्या सातव्या परिच्छेदात अपात्रतेच्या बाबतीत कोर्टाला दखल घेता येणार नाही असं लिहिलं. न्यायालयांचे अधिकार काढले पण राज्यांची मंजुरी नाही, त्यामुळं १९९२ ला तेवढा परिच्छेद रद्द झाला. विधानसभा अध्यक्षांच्या अपात्रतेच्या निर्णयाविरुद्ध आज कोर्टात जाता येतंय ते त्यामुळं.

बरोबर रस्ता कसा असतो त्याचं उदाहरण जीएसटीची १०१ वी दुरुस्ती. ३ ऑगस्ट २०१६ ला राज्यसभेत, ८ ऑगस्टला लोकसभेत मंजूर, १२ ऑगस्टला आसामनं पहिली मंजुरी दिली, महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी २९ ऑगस्टला खास अधिवेशन घेऊन दिली, ८ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही. जकातीची आठवण असलेल्या व्यापाऱ्यांना सांगतो, माल गावात आणताना कर लावायचा अधिकार देणारी राज्य सूचीतली ५२ वी नोंदच या दुरुस्तीनं निघाली.

राज्याच्या विधिमंडळात काय होतं? ठराव येतो, साध्या बहुमतानं होय किंवा नाही. मजकुरात काना-मात्रेचा बदल करता येत नाही. मुदत घटनेत दिलेली नाही. २८ राज्यांच्या हिशोबानं १४ विधिमंडळं हो म्हणाली की झालं, बाकीच्यांचा विरोध असला तरी दुरुस्ती सगळ्या देशाला लागू.

बाहेरचे देश बघितले तर आपली अट मधली वाटते. अमेरिकेत दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि वर तीन चतुर्थांश राज्यं, म्हणजे ५० पैकी ३८. तिथं आतापर्यंत २७ च दुरुस्त्या झाल्यात, आणि शेवटची मांडली १७८९ ला, पुरी झाली १९९२ ला. ऑस्ट्रेलियात थेट जनमत, देशभरात बहुमत पाहिजे आणि सहापैकी किमान चार राज्यांतही पाहिजे, २०२३ पर्यंत ४५ प्रस्तावांपैकी ८ च पास झाले. स्वित्झर्लंडमध्ये तर १८ महिन्यांत एक लाख सह्या जमवल्या की सामान्य नागरिकच दुरुस्तीचा प्रस्ताव मतदानाला नेऊ शकतात. आपल्याकडं जनमत नाही, आपलं मत खासदार आणि आमदारांच्या हातून जातं. म्हणून तर ते कुठल्या टप्प्यावर काय करतात यावर लक्ष ठेवायचं.

पायरी ६ : सही आणि अंमलबजावणी

राष्ट्रपतींना घटनादुरुस्ती विधेयक परत पाठवता येत नाही, अडवता येत नाही, १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीनं सही करणं बंधनकारक झालं. त्यानंतर राजपत्र. पण राजपत्रात आलं म्हणजे लागू झालं असं धरू नका, त्यात तारीख बघा. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीतला प्रतिबंधात्मक अटकेबद्दलचा भाग संसदेनं मंजूर केला, सही झाली, पण लागू करायची अधिसूचनाच निघाली नाही. महिला आरक्षणाची १०६ वी दुरुस्ती २०२३ ला मंजूर झाली तेव्हा प्रत्यक्ष जागा राखीव होण्याआधी जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना अशी अट तिच्यातच घातली होती. याउलट आर्थिक दुर्बल घटकांच्या १० टक्क्यांची १०३ वी दुरुस्ती बघा, ८ जानेवारी २०१९ ला लोकसभेत मांडून त्याच दिवशी मंजूर, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत, १२ ला सही, १४ ला लागू. एवढ्या मोठ्या विषयाला एवढा कमी वेळ मिळाला हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही, न्यायालयानं ती ३ विरुद्ध २ नं वैध ठरवली असली तरी.

पायरी ७ : कोर्टाची गाळणी

कोर्ट दोन गोष्टी बघतं. रस्ता बरोबर होता का, ते वर झालं. आणि दुसरं, घटनेची मूलभूत चौकट मोडली का. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींनी ७ विरुद्ध ६ असा निकाल दिला, संसद घटनेचा कुठलाही भाग बदलू शकते पण तिचा गाभा मोडू शकत नाही. लोकशाही, धर्मनिरपेक्षता, संघराज्य, न्यायालयीन पुनर्विलोकन, न्यायव्यवस्थेचं स्वातंत्र्य या गोष्टी वेगवेगळ्या निकालांतून त्या गाभ्यात आल्या. न्यायाधीश नेमणुकीसाठी आयोग करणारी ९९ वी दुरुस्ती राज्यांची मंजुरी घेऊन आली होती, रस्ता बिनचूक होता, तरी ऑक्टोबर २०१५ मध्ये ४ विरुद्ध १ नं पडली कारण न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याला धक्का लागतो असं ठरलं.

शेतकऱ्यांच्या पोरांनी नवव्या अनुसूचीबद्दल पण माहिती ठेवावी. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीनं जमीन सुधारणेचे १३ कायदे या अनुसूचीत टाकून मूलभूत हक्कांच्या आधारे होणाऱ्या आव्हानापासून वाचवले, त्यात आपला १९४८ चा मुंबई कूळकायदा होता. कसणाऱ्याच्या नावावर जमीन लागली ती कित्येक घरं या संरक्षणामुळं टिकली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या निकालानंतर मात्र २४ एप्रिल १९७३ नंतर या अनुसूचीत टाकलेले कायदे मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतात, त्यामुळं "नवव्या अनुसूचीत टाका म्हणजे कोर्ट बघणार नाही" हा हिशोब आता पूर्वीसारखा चालत नाही.

आपण कुठं घुसायचं?

जिल्ह्यात लोकसभेचे दोन मतदारसंघ, कोल्हापूर आणि हातकणंगले. आपला खासदार कुठला ते बघून त्यांना लेखी पत्र द्या, आणि पत्रात "आमच्यावर अन्याय होतोय" एवढंच नको, कुठलं कलम, सध्या काय लिहिलंय, काय पाहिजे, रस्ता दुसरा का तिसरा, हे एका पानात. खासदार खाजगी विधेयक मांडू शकतात, त्यासाठी शुक्रवारी दुपारनंतरचा वेळ असतो, महिनाभर आधी नोटीस लागते. १९७० नंतर एकही खाजगी विधेयक कायदा झालेलं नाही हे खरं, पण विषय संसदेच्या नोंदीवर येतो, मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, म्हणून मी त्याला कमी समजत नाही.

सरकारी विधेयक समितीकडं गेलं तर तो सगळ्यात चांगला मोका. समिती जाहिरात देऊन लोकांची निवेदनं मागवते, मुदत थोडी असते, तालीम मंडळ असो, बार असोसिएशन असो, दूध संस्था असो, कुणीही पाठवू शकतं. खंडाचा नंबर टाकून, नको असलेला शब्द आणि त्याजागी हवा असलेला शब्द असं लिहिलेलं निवेदन जास्त उपयोगी पडतं. १०२ व्या दुरुस्तीतलं ते वाक्य याच टप्प्यावर पकडायला पाहिजे होतं.

आणि दुरुस्ती तिसऱ्या रस्त्याची असेल तर आमदारांना अधिवेशन भरायच्या आधी गाठा, कारण एकदा ठराव पटलावर आला की त्यांच्या हातात फक्त हो किंवा नाही एवढंच राहतंय. विधेयक राज्य सूचीतल्या विषयाला हात लावतंय आणि तरी राज्यांकडं येणार नाही असं दिसलं, तर ९७ व्या दुरुस्तीचा निकाल जोडून तेही पत्रात लिहा, खासदारांना पण आणि आमदारांना पण.